हवालदाराच्या पट्ट्याची आठ भोकं

मित्रांनो, माणसाच्या पोटाचं काय चाललंय ते आधी त्याच्या पट्ट्याला कळतं, मग बायकोला, आणि सगळ्यात शेवटी त्याला स्वतःला. मी एक जुना कातडी कमरपट्टा आहे. रुंदी दोन बोटं, बक्कल पितळी, आणि अंगावर भोकं आठ. त्यातली पाच जन्मापासूनची. उरलेली तीन मागाहून पडली, आणि ती कशी पडली हेच तुम्हाला सांगायचं आहे. सांगताना आवाज चढला तर राग मानू नका. पलटणीत वाढलोय, हळू बोलायची सवय नाही.

मला बनवलं पलटणीतल्या मोच्यानं. परेडसाठी सरकारी पट्टा वेगळा असतो; मी खासगी. नाथाजी नावाच्या शिपायाला नाईकाची बढती मिळाली, त्या आनंदात त्यानं मला हौसेनं करून घेतलं. मोच्यानं त्याच्या कमरेला मला गुंडाळून पाहिलं, मधल्या भोकावर बक्कल लावलं आणि म्हणाला, "बस. अब यहाँ से हिलना मत." ते तो मला म्हणाला की नाथाजीला, हे मला आजवर समजलं नाही. पण मी मात्र हुकूम समजून पाळला.

बारा वर्षं मी तिसऱ्या भोकावरून हललो नाही. नाथाजी खायचा कमी म्हणून नाही हं! लंगरमधल्या दहा-दहा रोट्या हाणायचा, वर डाळीचा तांब्या रिकामा करायचा. पण उजाडायच्या आत चार मैल धाव, दिवसभर कवायत, संध्याकाळी व्हॉलीबॉल. खाल्लेलं सगळं घामाच्या वाटेनं निघून जायचं. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या पलटणीनं छातीभर पाण्यातून नदी ओलांडली, तेव्हाही मी त्याच्या कमरेलाच होतो. चार दिवस ओला राहिलो, आखडलो, पण तुटलो नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय म्हणून बढाई वाटेल. वाटू दे.

चौऱ्याहत्तर साली नाथाजी हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आला. गाव कराडच्या अलीकडं, पुणे-बंगळूर रस्त्याच्या फाट्यावर. कृष्णेचं पाणी, त्यामुळं ऊस. शेत धाकटा भाऊ आकाराम आणि नाथाजीची बायको शालूबाई बघायचे. आल्या आल्या नाथाजीनं एक चांगलं काम केलं. कोयनानगरला धरणाच्या पहाऱ्यासाठी माजी सैनिक घेतात असं त्याच्या कानावर आलं होतं. साताऱ्याला जाऊन त्यानं अर्ज दिला. "परत वर्दी घालाय मिळंल," असं तो शालूबाईला म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. बोलावणं कधीही येईल, डॉक्टरी तपासणी होईल, त्यात पास झालं की काम मिळेल, असं त्याला सांगितलं होतं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. माझ्या हवालदाराला आयुष्यात आता एवढी एकच गोष्ट हवी होती.

बोलावणं यायला वेळ होता. तोवर करायचं काय? शालूबाई म्हणाली, "आवं, उसाला पानी पाजाय, दारं धराय तरी चला."

"अगं, सरकारनं मला बसून खायला पेन्शन दिलीया," नाथाजी म्हणाला.

"बसून खावा म्हणलंय. बसूनच ऱ्हावा, असं म्हणलं न्हाई."

पण हवालदारसाहेबानं खोरं उचललं तर गाव काय म्हणेल? म्हणून तो सकाळी दाढी करून, खाकी पँट चढवून, मला आवळून फाट्यावर जायचा. सगळ्या गावात धोतरं आणि पायजमे. पितळी बक्कल एकच, ते माझं. मलाही तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

फाट्यावर आप्पासोचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं दोन बाकडी, आणि एक मोठी काळी कढई. ट्रक थांबायचे, एस.टी. थांबायची. उतरलेल्या माणसाला घाई असायची, आणि आप्पासोच्या कढईलाही घाई. कांदाभजी, बटाटेवडा, मिसळ-पाव, शेवेचा डोंगर, आणि चमचा उभा राहील असा गोड चहा. भाकरी थापायला वेळ लागतो. इथं मागितलं की पुढ्यात. आप्पासो स्वतः पायजम्याच्या नाडीवर हात ठेवून कढईशेजारी उभा असायचा आणि प्रत्येक घाण्यातलं एक भजं चाखायचा. "मीठ बघतुया," म्हणायचा. दिवसात चाळीस वेळा मीठ बघायचा!

आणि तिथं एक रीत पडली. गावाला लढाईची गोष्ट ऐकायची असायची. ऐकणाऱ्यानं हवालदाराला भज्यांची प्लेट सांगायची, मग गोष्ट सुरू व्हायची. फौजीनं प्लेट नाकारली तर "मोठा झाला, आमचं चालत न्हाई व्हय आता," असं ऐकून घ्यावं लागायचं. म्हणून नाथाजी नाकारत नसे. सगळ्यांची आवडती गोष्ट नदीची. पहिली प्लेट नदीच्या अलीकडं संपायची, मग गोष्ट पाण्याच्या मध्यावर थांबायची. "फुडं काय झालं, हवालदार?" नाथाजी घसा खाकरायचा. दुसरी प्लेट यायची, आणि मगच पलटण पैलतीरी लागायची. दिवसातून दोनदा, बाजारादिवशी चारदा. ती नदी मी खरोखरीच ओलांडलेली. पण तिथं मला एवढं जड कधी झालं नव्हतं.

सहा महिन्यांत मी पाचव्या भोकावर आलो. मी कुरकुरत होतो, मित्रांनो. कातडं कुरकुरतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. नाथाजीनं मला खोबरेल लावलं! त्याला वाटलं मी कोरडा पडलोय.

गावालाही बरं वाटत होतं. "पेन्शन मानवली गड्या! अंगानं भरलास," असं म्हणायचे आणि पाठीवर थाप मारायचे. आमच्याकडं रोडावलेल्या माणसाची चौकशी होते आणि जाड झालेल्याचं कौतुक. त्या कौतुकानं तो आणखी फुगायचा.

पाचवं भोकही पुरेना तेव्हा आम्ही केरबाकडं गेलो. केरबा म्हणजे गावातला चांभारकाम करणारा म्हातारा. त्यानं आरी टोचून सहावं भोक पाडलं. आठ-नऊ महिन्यांनी सातवं. शहात्तरच्या दिवाळीनंतर आठव्यासाठी गेलो, तेव्हा त्यानं मला हातात घेतलं, टोकाकडं बघितलं आणि चष्म्यावरून नाथाजीकडं.

"हवालदारसाहेब, ह्ये श्येवटचं. ह्याच्या फुडं कातडं न्हाई. आता पट्टा तरी नवा घ्या, न्हाईतर कंबर तरी जुनी आना."

नाथाजी हसला. मला हसू आलं नाही. आता मी पोटावरून घसरून पोटाखाली आलो होतो, आणि तिथून मला वरचं काहीच दिसत नव्हतं.

एक गोष्ट मात्र दिसायची, आणि तिचं मला फार वाईट वाटायचं. दुपारी नाथाजी घरी यायचा तेव्हा शालूबाईनं ज्वारीच्या गरम भाकरी, मेथीची भाजी आणि ताक वाढून ठेवलेलं असायचं. तो चतकोर मोडायचा आणि म्हणायचा, "भूक न्हाई गं." शालूबाई भाकरी दुरडीत झाकून ठेवायची आणि रात्री स्वतः शिळी खायची. रानात दिवसभर राबून आलेली बाई, आणि तिच्या हातच्या गरम भाकरीला फाट्यावरच्या भज्यांनी हरवलेलं. अलीकडं नाथाजीला तहानही फार लागायची. अंगणातला हंडा एका दिवसात संपायचा. जिना चढताना धाप लागायची. "वय झालं," म्हणायचा. वय होतं चाळीस!

आणि सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात बोलावणं आलं.

सबंध आळी आनंदली. मंगळवारी साताऱ्याला तपासणी. नाथाजीला आता पोटाची आठवण झाली. सोमवारी त्यानं कडक उपास केला. तीन वर्षांचं खाणं एका सोमवारानं फिटतं असं त्याला वाटलं असावं. मंगळवारी सकाळी निघताना पाच घरच्या बायका दही-साखर घेऊन दारात आल्या. चांगल्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, नाही म्हणायचं नाही, ही रीतच. नाथाजीनं पाचही घरची चाटली. फाट्यावर आप्पासोनं तर हद्द केली. "हवालदार, तोंड गोड करून जावा," म्हणत जिलेबीचा कागद हातात कोंबला. एस.टी. येईपर्यंत कागद रिकामा झाला.

दवाखान्यात डॉक्टर अनंतराव म्हणून होते. सातारचेच, अंगानं बारीक, बोलायला शांत. त्यांनी कपडे काढायला सांगितले. मी खुंटीवर लटकलो आणि तिथून सगळं पाहिलं. नाथाजीनं श्वास आत ओढून पोट पाठीला लावायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी छातीला टेप लावला, मग पोटाला लावला, आणि तसेच थांबून राहिले.

"श्वास सोडा, हवालदार. मी थांबतो."

किती वेळ धरणार? सोडला. पोट छातीपेक्षा तीन इंच पुढं निघालं.

मग त्यांनी लघवी तपासली. काचेच्या नळीत निळं औषध होतं. त्यात थेंब टाकून नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि शेवटी विटेसारखं लाल. डॉक्टरांनी नळी नाथाजीला दाखवली. "साखर आहे. भरपूर."

नाथाजीचा चेहरा एकदम उजळला. "आवं डॉक्टरसाहेब, ती सकाळची! निघताना पाच घरच्या बायकांनी साखर दिली बघा हातावर. वर आप्पासोची जिलेबी. ती उतरली असंल. उद्या येतो की परत!"

डॉक्टर हसले, पण चेष्टेनं नाही. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं. "हवालदार, ही पाच घरची साखर नाही. ही तुमची तीन वर्षांची आहे. याला मधुमेह म्हणतात. असंच चाललं तर डोळे जातील, पायाची जखम भरणार नाही. मी तुम्हाला पास करू शकत नाही."

नाथाजी खांदे पाडून जमिनीकडं बघत राहिला. लढाईतसुद्धा मी त्याला असा बसलेला पाहिला नव्हता.

"सहा महिन्यांनी दुसरी यादी निघेल," डॉक्टर म्हणाले. "गोड बंद, तळलेलं बंद, रोज चालायचं, आणि दर महिन्याला मला नळी दाखवायची. औषध लागलं तर देईन. पण तोंड तुमचं आहे, त्याच्यावर पहारा तुम्हीच केला पाहिजे."

फाट्यावर उतरला तेव्हा नाथाजीच्या अंगात वारं शिरलं होतं. समोर आप्पासो दिसला. "आप्पासो! तुझ्या त्येलानं माझी वर्दी खाल्ली रं! चार-चार दिवस त्येच काळं त्येल उकळतूस, लाज वाटती का?"

आप्पासोच्या हातातला झारा तसाच राहिला. "हवालदार, त्येल जुनं असंल, त्ये मी कबूल करतो. पर मी कवा ताट घिऊन तुमच्या दारात आलोय? रोज तुमीच चालत येत हुता न्हवं?"

"लोकांनी आग्रह केला! गावानं खाऊ घातलं! दह्यावर साखर कुनी ठिवली हातावर?"

गर्दी जमली. रानातून गवताचा भारा घेऊन शालूबाई त्याच वाटेनं येत होती. तिनं भारा खाली टाकला. ती चारचौघांत नवऱ्याशी कधी बोलत नसे; त्या दिवशी बोलली.

"ऐका. लढाईत गोळी लागली असती, तर म्या शत्रूच्या नावानं बोटं मोडली असती. हितं कुनाच्या नावानं मोडू? हात तुमचा, तोंड तुमचं. मी रोज भाकरी झाकून ठिवत हुते, तवा म्हणलात, भूक न्हाई. एकदा तरी इचारलंत का, ती भाकरी कोन खातंय?"

मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वर्दी नगं. मला तुमी पायजे. डोळ्यांनी बघनारं, पायांनी चालनारं."

 नाथाजीनं खाली वाकून गवताचा भारा उचलला, स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि घराकडं चालू लागला. हवालदारसाहेबाच्या डोक्यावर गवत! गावानं बघितलं. मी पोटाखालून त्याची धाप ऐकत होतो, आणि खरं सांगतो, मला त्या दिवशी त्याचा फार अभिमान वाटला. त्या रात्री त्यानं दोन भाकरी गरम खाल्ल्या, भाजीबरोबर, आणि शालूबाईला शेजारी बसवून घेतलं.

पण दुसऱ्या दिवशी काय? सवय अशी एका भाऱ्यात जात नाही. सकाळी पाय आपोआप फाट्याकडं वळले. मंडळी बाकड्यावर तयार, प्लेट सांगितलेली. "बसा हवालदार, नदीची होऊन जाऊ द्या!"

नाथाजीनं प्लेटीकडं बघितलं. वास मलाही येत होता. तो बसला नाही.

"नदी ऐकायची हाय? मग चला माझ्यासंगं. पाटापतूर जाऊ आन् म्हागारी येऊ. आजपासनं गोष्ट चालता चालता."

"आन् भजी?"

"भजी ज्यानं सांगितली त्यानं खावी."

निम्मे उठले, निम्मे भज्यांपाशीच राहिले. उठलेल्यांचे हाल बघण्यासारखे होते! पाट दीड मैलावर, आणि नाथाजीची चाल पलटणीची. एक म्हातारा धापा टाकत म्हणाला, "हवालदार, लवकर वलांडा की नदी!" नाथाजी म्हणाला, "दादा, नदी लय रुंद हुती." ती नदी रोज थोडी रुंद होत गेली. महिन्याभरात पलटण पैलतीरी लागायला पाटाच्याही पुढं, कालव्याच्या पुलापर्यंत चालावं लागायचं. ऐकणारे आधी सहा, मग चौदा. आणि परतताना नाथाजी खोरं घेऊन उसाला दारं धरायचा. आकारामनं आधी थट्टा केली, मग मुकाट्यानं दुसरं खोरं आणून दिलं.

सगळं सरळ झालं असं समजू नका. श्रावणात एका सत्यनारायणाच्या पूजेला त्यानं पंगतीत सहा जिलेब्या खाल्ल्या, आणि घरी येऊन कबूलही केल्या नाहीत. पण मला कळल्या आणि महिन्याच्या नळीलाही कळल्या. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "एक दिवस घसरलात. घसरलेला माणूस उठतो, तिथंच झोपत नाही." नाथाजी उठला.

मी आठव्यावरून सातव्यावर आलो. सातव्यावरून सहाव्यावर. एके सकाळी त्यानं मला आवळलं आणि बक्कल पाचव्या भोकात गेलं, माझ्या स्वतःच्या, जन्माच्या भोकात! मी पोटाखालून पुन्हा पोटावर आलो, आणि मला समोरचा रस्ता दिसू लागला. त्या आनंदाचं काय सांगू तुम्हाला!

दुसऱ्या यादीच्या वेळी डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. निळी ती निळीच राहिली. टेप पोटाला लावला, छातीला लावला, आणि कागदावर सही केली. नाथाजीनं खाडकन सलाम ठोकला. "आजार गेलेला नाही, हवालदार," डॉक्टर म्हणाले. "तो झोपलाय. त्याला जागा करू नका. दर महिन्याला नळी चालूच राहील."

कोयनानगरला वर्दी मिळाली. आणि वर्दीबरोबर मिळाला नवा सरकारी पट्टा.

मी म्हटलं ना, मी खासगी. वर्दीवर माझं काय काम? वाईट वाटलं, मित्रांनो. लय वाटलं. नाथाजीनं मला दोन दिवस ट्रंकेत ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं, आणि पहिल्या सुट्टीला आला तेव्हा घेऊन फाट्यावर गेला. त्याचं आणि आप्पासोचं भांडण केव्हाच मिटलं होतं. आप्पासोनं तेल रोज बदलायला सुरुवात केली होती, आणि ताकाचा माठ ठेवला होता. पण दिवसातून चाळीस वेळा मीठ बघणं चालूच होतं.

"आप्पासो, हात वर कर," नाथाजी म्हणाला.

"कशापायी?"

"कर म्हणलं न्हवं!"

नाथाजीनं मला आप्पासोच्या कमरेभोवती गुंडाळलं. मी ताणलो, जेवढा ताणता येतो तेवढा. शेवटचं आठवं भोक बक्कलापासून चार बोटं लांब राहिलं. गिऱ्हाइकं हसली. आप्पासोही हसला, आणि मग हसता हसता थांबला. नाथाजी हसत नव्हता.

"गड्या, मला कुनी आधी सांगितलं न्हाई," तो हळू म्हणाला. "पट्टा सांगत हुता, पर मी त्येला खोबरेल लावलं. तू लावू नगंस." आणि त्यानं मला कढईच्या वरच्या खिळ्याला अडकवलं.

तेव्हापासून मी इथंच आहे. अंगावर धूर बसलाय, कडा उलल्यात. तरी मी सुखात आहे. चूल पेटवण्याआधी आप्पासो रोज मला कमरेला लावून बघतो. चार बोटांची तीन झाली. मग किती दिवस तिथंच अडून बसली, कारण गणपतीत मोदक होते. मग दोन. मित्रांनो, मी कुणाला आवळू शकत नाही. मी फक्त कुरकुरतो. भोक पाडायचं की घास सोडायचा, हे तुमच्या हातात असतं, आणि तो हात दुसऱ्या कुणाचा नसतो. तुमच्याही कमरेला काहीतरी असेल, पट्टा नाहीतर नाडी. त्याचं ऐका.

काल सकाळी माझं बक्कल लागलं. आप्पासोनं ते कुणालाच सांगितलं नाही. मला खिळ्याला अडकवलं, चूल पेटवली. पहिली एस.टी. आली. एक जाडजूड गिऱ्हाईक उतरलं आणि म्हणालं, "दोन प्लेट भजी, लवकर!"

"एक खावा," आप्पासो म्हणाला. "मग बघू."

"अरं, धंदा बुडवतूस का काय?"

आप्पासोनं घाण्यातली भजी काढली, एकही न चाखता प्लेटीत ठेवली, आणि ताकाचा पेला शेजारी ठेवला. "गिऱ्हाईक बुडल्यापरीस धंदा बुडल्याला बरा," तो म्हणाला, आणि फडक्यानं हात पुसले.